जिप्सीचा पुढचा पाटा मोडला म्हणून अख्खा एक्सल बदलायची घाई करू नको

तू काय विचारलंस ते आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २००३ ची मारुती जिप्सी किंग, गुहागरला असते, वाडीकडे जाताना कच्च्या रस्त्यात अर्धा गाडलेला जांभ्याचा दगड लागला, डावीकडचा पुढचा मेन पाटा (गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांतली मुख्य पट्टी) मोडला, यू बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे) वाकले, गाडी डावीकडे ओढते, ५५-६० च्या आसपास स्टेअरिंग हातात धरवत नाही एवढं थरथरतं, आणि डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळं तेल गळतंय. गॅरेजवाला म्हणतो पुढचा अख्खा एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा भाग) बदला, आर्मीतून निघालेला एक आहे त्याच्याकडे. काका काय करू असं विचारलंयस, तर मी पण सरळ अरेतुरेवर येतो.

एक्सलचे पैसे देऊ नको. निदान अजून तरी नको.

तुझा तुटलेल्या पाट्याचा फोटो मी मोठा करून बघितला. पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) भोकापाशी तुटलाय आणि तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ निम्मा भाग काळा-तांबूस आहे, उरलेला चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर, त्यात पाणी जाऊन गंज धरलेला. चकचकीत तेवढा त्या दिवशी तुटला. म्हणजे दगडाने तुझा पाटा मोडलाच नाही, तो आधीच निम्मा मोडलेला होता, दगडाने फक्त उरलेलं काम केलं. आणि भोकापाशी तुटला याचा अर्थ दहातल्या नऊ वेळा एकच असतो, यू बोल्ट सैल होते. यू बोल्ट घट्ट असले की पाट्याचा मधला भाग एक्सलला आवळलेला राहतो, तिथे तो वाकतच नाही, वाकतो तो पुढे-मागे. ते सैल झाले की सगळं वाकणं नेमकं भोकावर येतं आणि भोक म्हणजे पाट्याची सगळ्यात अशक्त जागा. डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या वळवलेल्या भोकात रबरी बुश बसतो तिथे तुटला असता तर मी वेगळं बोललो असतो.

आता यू बोल्ट सैल का झाले? कंपनीच्या जिप्सीला पाटे एक्सलच्या खाली असतात, वर नाही. त्यामुळे यू बोल्ट एक्सलवरून खाली येतो आणि नट पाट्याच्या खालच्या प्लेटखाली, म्हणजे गाडीच्या अगदी तळाला. प्रत्येक दगड आधी त्या नटांना घासून जातो. नटाचे कोपरे झिजून गोल होतात, पाना बसत नाही, मग सर्व्हिसिंगला कोणी त्याला हातच लावत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जिप्स्यांचे ते नट बघितले की कळतं गेली दहा वर्षं इथे कोणी आलेलं नाही.

म्हणून पार्ट आणण्याच्या आधी टेप घे आणि मापं काढ. अर्धा तास लागेल. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, दोन्ही मागच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून अडकण). पहिलं माप पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, डावीकडून आणि उजवीकडून. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलीमीटर. उजवीकडे तेवढा आला आणि डावीकडे पंधरा-वीस मिलीमीटर कमीजास्त आला तर सेंटर बोल्ट कापला गेलाय आणि एक्सल पाट्यावर सरकलाय, वाकलेला नाही. गाडी एका बाजूला ओढण्याचं हे अगदी साधं कारण असतं आणि ते पाटा बदलला की आपोआप जातं.

दुसरं माप एक्सल वाकलाय का त्याचं, पण हे आत्ता नको, नवे पाटे बसल्यावर घे. गाडी तिरकी उभी असताना घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून ओळंब्याच्या दोरीपर्यंत अंतर मोज, दोन्ही चाकांचं. कंपनीचा कॅम्बर (चाकाचा उभ्यातला कल) १ अंश, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरच्या उंचीत सात मिलीमीटर वरची कड बाहेर. दोन्हीकडे जवळपास सारखं आलं तर हौसिंग (एक्सलची बाहेरची नळी) सरळ. एका बाजूला उलटं आलं, म्हणजे वरची कड आत गेलेली, तर मात्र हौसिंग नाहीतर टोकाचा गोळा वाकलाय. आधी चाक अर्धा फेरा फिरवून परत मोजायचं, नाहीतर वाकडी रिम बघून एक्सलला दोष देशील. दोन्ही वेळेला उलटंच आलं तर गॅरेजवाला बरोबर आणि मी चूक, आण खुशाल एक्सल. आणताना एवढं बघ की रुंद ट्रॅकचाच (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर जास्त असलेला) आहे. १९८५ ला आलेली जुनी एमजी ४१० आणि १९९३ नंतरची रुंद ट्रॅकची यांचे एक्सल सारखे नाहीत, किंग ही रुंदवाली, आणि भंगारवाला दोन्ही 'जिप्सीचाच आहे साहेब' म्हणून देतो.

आता थरथर. हिचा आणि पाट्याचा संबंध आहे पण पूर्ण नाही, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. आधी स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप) बदलतात. नवा डॅम्पर टाकला की महिनाभर गाडी छान चालते, मग परत सुरू. डॅम्पर फक्त थरथर दाबतो, ती तयार करणारा प्ले (सांध्यांतला ढिलेपणा) तिथेच असतो. मी पण तरुणपणी एका गिऱ्हाइकाला वर्षात दोन डॅम्पर विकलेत, लाज वाटते आता.

असं बघ. गाडी जमिनीवरच ठेव, एकाला आत बसवून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांग आणि तू खाली आडवा होऊन टाय रॉडचे (दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) दोन्ही एंड आणि ड्रॅग लिंकचे (स्टेअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडा) एंड हाताने धरून बघ. जिथे रॉड हलतो पण पुढचा हात उशिरा हलतो तो एंड गेला. मग चाक जॅकवर उचल, वर आणि खाली हात धरून हलव. खडखड लागली तर हलवत असतानाच आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांग. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग, ब्रेक दाबूनही तशीच राहिली तर किंगपिनचं (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती) बेअरिंग. कारण ब्रेकने डिस्क आणि नकल (चाक धरणारा, किंगपिनवर वळणारा भाग) एकमेकांना धरले जातात, मग हलायला फक्त किंगपिनच उरतो. तेल गळतंय म्हणतोस त्यावरून मी पैज लावतो की तुझा डावा किंगपिन गेलाय.

ते तेल कुठून येतं? जिप्सीच्या नकलच्या आत ग्रीस असायला पाहिजे, तेल नाही. हौसिंगच्या टोकाला आत एक ऑइल सील असतो तो डिफरन्शियलचं (एक्सलमधली गिअरपेटी) तेल अडवतो. तो गेला की तेल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ करतं, आणि ते काळं पाणी गोळ्यावरच्या सीलमधून चाकाच्या आतल्या बाजूला ओघळतं. मग किंगपिनची बेअरिंग ग्रीसशिवाय चालतात, खालचं बेअरिंग आधी मरतं कारण पाणी-चिखल तिथेच साचतं. आणि सील जाण्याचं एक कारण कोणी बघत नाही, हौसिंगवरचा ब्रीदर. बोटभर टोपण असतं, मातीने बुजलं की तेल तापल्यावर आतला दाब सीलमधून वाट काढतो. वर गरम हौसिंग ओढ्यात बुडालं की थंड होताना ते सीलमधून पाणी आत ओढतं. तुझं डिफरन्शियलचं तेल काढशील तेव्हा चहाच्या रंगाचं दुधाळ निघालं तर हेच झालंय. ब्रीदरला चांगला रबरी पाइप लावून इंजिनच्या खोलीत वर नेऊन बांध, शंभर-दीडशे रुपयांचं काम.

म्हणजे काम दोन आहेत, पाटे आणि नकल. एकदा चाक आणि ब्रेक खोललेच आहेत तर दोन्ही एकत्र कर, आणि दोन्ही बाजूंची कर.

पाट्यांचं सांगतो. एकच पाटा बदलायचा मोह होईल, पाटेवाला पण तसंच सुचवेल. नको. वीस वर्षं बसलेला उजवा आणि नवा डावा यांची उंची जुळत नाही, गाडी तिरकी उभी राहते. परवडत असेल तर पुढचे दोन्ही सेट नवे घे, नाहीच परवडत तर निदान दोन्हीकडचे मेन पाटे नवे आणि बाकीचे पाटे एकेक काढून भोकापाशी चीर आहे का ते घासून, रॉकेलने पुसून, उन्हात धरून बघ. जुना पाटा भट्टीत लाल करून कमान देणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नको. पाट्याचं पोलाद पाणी देऊन आणि परत बेताने तापवून तयार केलेलं असतं, भट्टीत लाल केलं की तो गुण जातो, दोन महिन्यांत पाटा परत बसतो. पाट्याला वेल्डिंग तर विसरूनच जा.

खोलताना जॅक एक्सलखाली पण घोड्या (लोखंडी स्टँड) चॅसिसखाली, दोन्ही बाजूंना. जॅकवर उभ्या गाडीखाली जाणारे बघितलेत मी, आणि त्यातला एक आता काठी घेऊन चालतो. कॅलिपर तारेने वर बांध, ब्रेकच्या होजवर लटकवू नको. यू बोल्टचे नट तर निघणारच नाहीत, ग्राइंडरने काप सरळ, ते परत वापरायचे नसतातच. यू बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, सोडून परत आवळला तर तेवढी पकड येत नाही.

खरा त्रास डोळ्यातल्या बोल्टचा. समुद्राजवळची गाडी, बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असणार. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मार. तरी नाही हलला तर गॅस कटर आणायला सांगतील, रबर पेटतं आणि जवळून ब्रेकची नळी जाते, त्यापेक्षा पातळ चकतीच्या ग्राइंडरने डोळ्याच्या दोन्ही बाजूंना बोल्ट कापून टाक आणि नवा घे. पुढचा शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी हलती प्लेटांची जोडी) जिप्सीला पुढच्या टोकाला असतो, बंपरच्या लगेच मागे, म्हणजे दगड पहिला त्याला भेटतो, त्याच्या प्लेटा एकमेकींवर ठेवून सरळ आहेत का बघ. वाकलेली प्लेट ठोकून सरळ करून वापरलेली मी बघितली आहे, पाटा मग आडवा घासत राहतो आणि कुठून आवाज येतो ते वर्षभर कळत नाही.

नवा सेट बांधताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बाजूला, म्हणजे वर, आणि ते एक्सलच्या बैठकीच्या भोकात नीट बसलं पाहिजे. बसल्यासारखं वाटतं आणि बसलेलं नसतं, अंगठ्याने चाचपून बघ. कुठलाही सेट खोलताना सेंटर बोल्ट सोडायच्या आधी दोन सी क्लॅम्पने आवळून धर, नाहीतर पाटे उडून तोंडावर येतात. बुश रबराचे असतील तर तेल-ग्रीस लावू नको, साबणाचं पाणी पुरे.

आणि आता जे मी स्वतः चुकलोय ते. डोळ्याचे आणि शॅकलचे नट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. हाताने बसतील एवढेच लाव, चाकं लाव, गाडी खाली घे, बंपरवर दोनचार वेळा बसून-उठून हलव आणि मग खाली जाऊन आवळ. हवेत आवळले तर रबर लोंबत्या पाट्याच्या कोनात पकडलं जातं आणि गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या जिप्सीचे बुश मी असेच तीन महिन्यांत फाडले आणि दुकानदाराला डुप्लिकेट माल दिलास म्हणून शिव्या घातल्या. यू बोल्टचे मात्र चारही नट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करत, ६० ते ८० न्यूटन-मीटरला. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने आण पण पाइप घालून जीव खाऊन आवळू नको.

नकलचं काम किचकट नाही, घाणेरडं आहे. हब काढ, स्पिंडल काढ, शाफ्ट बाहेर ओढ, पण परत घालताना हाताने तोलून धर, आटे नव्या सीलवरून घासत गेले तर नवा सील पण फुकट. डावा-उजवा शाफ्ट लांबीला वेगळे असतात, अदलाबदल होणार नाही. शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटच्या गोळ्या आणि त्यांचे खोबण बघ, खड्डे पडले असतील आणि फोर व्हीलमध्ये वळताना टकटक येत असेल तर तो पण बदलायच्या यादीत. वरचा आणि खालचा किंगपिन वेगळा ठेव, प्रत्येकाखाली निघालेल्या शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) त्याच्याबरोबरच तारेत ओवून ठेव. बेअरिंग बदलताना गोळ्यातल्या जुन्या वाट्या पण ठोकून काढायच्या, नवं बेअरिंग जुन्या वाटीत घालणारे महाभाग आहेत. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश पेपरने गुळगुळीत कर, नाहीतर नवं रबर आठवड्यात कापलं जाईल.

मग प्रीलोड, म्हणजे बेअरिंग आधीच थोडं आवळून ठेवणं. हे जवळपास कुणीच करत नाही आणि थरथरीचं सगळं गुपित इथे आहे. शाफ्ट नाही, गोळ्याचं सील नाही, टाय रॉड नाही, नुसता नकल किंगपिनवर बसवून बोल्ट आवळ. मग टाय रॉडच्या भोकात ताणकाट्याचा हुक अडकव आणि काटकोनात ओढ. नकल हलायला सुरू होतो तेव्हा काटा १ ते १.८ किलोच्या मध्ये असला पाहिजे. कमी आला तर किंगपिनखालची शिम काढ, जास्त आला तर घाल. तुला ताणकाटा शोधायला लांब जायला नको, बंदरावर मासे तोलायचा लटकवायचा काटा मिळेल तो चालतो, फक्त शंभर ग्रॅमचे भाग नीट दिसणारा घे. धुऊन घे म्हणजे झालं. जुन्या बेअरिंगवर हा काटा बऱ्याचदा पाव किलोवर हलतो, आणि तशा गाडीला कितीही डॅम्पर लावा.

व्हील बेअरिंगचं थोडक्यात, हब फिरवत फिरवत नट घट्ट कर म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग पूर्ण सोड, मग हलकासा आवळ, वॉशर वळव, लॉक नट लाव. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि खडखड नको. टाय रॉडचे एंड काढताना आट्यांवर हातोडा मारू नको, एंड ज्या डोळ्यात बसतो त्या डोळ्यावर दोन हातोड्यांनी दोन्हीकडून एकदम मार, टप्पकन सुटतो. स्प्लिट पिना नव्या.

सगळं जुळल्यावर टो. एक्सल सलग आहे त्यामुळे कॅम्बर, कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) मशीनवर फिरवता येत नाही, अलाइनमेंटवाला पैसे घेतो पण हातात त्याच्या फक्त टाय रॉड असतो. टो इन २ ते ६ मिलीमीटर, म्हणजे दोन्ही टायरच्या मध्यांतलं अंतर मागच्यापेक्षा पुढे तेवढं कमी. हे तू खडूने रेघ मारून टेपने घरी करू शकतोस. स्टेअरिंग तिरकं राहिलं तर ते ड्रॅग लिंकने सरळ कर, टाय रॉडने नाही.

सामानाचं म्हणशील तर कंपनीने जिप्सी बंद केली तरी आर्मीमुळे आणि शौकीन लोकांमुळे माल फिरतोय. पुण्यात नाना पेठेत मिळून जाईल बरंचसं. बेअरिंग आणि सील यात पैसे वाचवू नको, चांगल्या नावाच्या कंपनीचेच घे आणि खोक्यावरचा नंबर जुन्या बेअरिंगवरच्या नंबराशी ताडून. शॉकअप गळत नसतील तर राहू देत, ते पुढच्या वर्षी. उंची वाढवायचे शॅकल कोणी या निमित्ताने गळ्यात मारायला बघेल तर नाही म्हण, पुढचे शॅकल लांब केले की कॅस्टर कमी होतो आणि ज्या थरथरीसाठी एवढा खटाटोप केला ती परत दारात.

आणि गाडी सध्या चालवायचीच असेल, म्हणजे गॅरेजपर्यंत, तर मोडलेल्या पाट्याला असं कर. वरंध घाटात माझा मेन पाटा गेला होता तेव्हा एक्सल आणि चॅसिसच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घातला, एक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून जुन्या ट्यूबने आणि दोरखंडाने बांधला आणि पंधरा-वीसच्या वेगाने महाडला उतरलो. पण तो सेंटर बोल्ट कापलेला असेल तर एवढं पण नको, ओढून ने.

काम झाल्यावर शंभर-दीडशे किलोमीटरने यू बोल्ट परत आवळायचे, नवे पाटे एकमेकांवर बसतात तशी पकड कमी होते. त्यानंतर दर पावसाळ्याआधी. नटांवर ग्रीसचा जाड थर देऊन ठेव म्हणजे पाना बसत राहील.

मोडलेला पाटा मात्र भंगारात टाकू नको. गावात लोहार असेल तर त्याला दे, जिप्सीच्या पाट्याचा कोयता नारळ सोलायला एकदम फर्मास होतो, माझ्याकडे वरंधचाच आहे अजून.